रिकामा डबा परत जात नाही

रेवदंड्याला लोक समुद्र बघायला जातात, किल्ल्याच्या तटाशी फोटो काढायला जातात, नाहीतर सरळ मासे खायला जातात. मी रक्त आणायला गेले होते. हे वाक्य एसटीच्या कंडक्टरसमोर बोलायचं नसतं, हे मला वाटेत कळलं. माझ्या मांडीवरच्या थर्माकोलच्या पेटीतून पांढरा धूर यायला लागला तेव्हा त्यांनी विचारलं, "बाई, काय आहे त्यात?" मी खरं तेच सांगितलं, "अजून काही नाही. येताना रक्त असेल." त्यानंतर माझ्या शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी राहिली.

खुलासा करते. मी पुण्यातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. माहेर सोलापूरचं, कडक भाकरी आणि शेंगाचटणीवर वाढलेली. जन्मभर प्राणी कापले, पण जे कापलं ते कधी खाल्लं नाही. सध्या मी आणि माझी विद्यार्थिनी केतकी कालवांच्या मागे लागलो आहोत. कालव म्हणजे खाडीतल्या खडकाला चिकटून बसणारा शिंपला. तो कुठे जात नाही, कुणाकडे येत नाही, दार लावून बसलेला असतो. पण त्याच्या रक्तातल्या पेशी एकमेकींना सारखं काही ना काही कळवत असतात. कशा, तर पेशी आपल्याच अंगावरच्या पापुद्र्याची एक अतिसूक्ष्म पुडी बांधते, तिच्यात थोडा माल भरते आणि रक्तात सोडून देते. दुसरी पेशी ती पुडी आत घेते आणि आतल्या मालाप्रमाणे वागायला लागते. पुडी कुणी घ्यायची आणि घेऊन काय करायचं, ते बरंचसं पुडीच्या बाहेरच्या खुणांवर ठरतं. पाठ्यपुस्तकात हिला 'पुटिका' म्हणतात. मला तो शब्द कानामागे उठलेल्या गळवासारखा वाटतो, म्हणून मी वर्गातही पुडीच म्हणते. पूर्वी शास्त्रज्ञांना वाटायचं की पेशी कचरा बाहेर टाकतेय. मग कळलं की तो कचरा नव्हता, टपाल होतं.

उन्हाने हैराण झालेल्या कालवांच्या पेशी कसल्या पुड्या सोडतात, हे केतकीला शोधायचं होतं. त्यासाठी मे महिन्यातल्या कालवांचं रक्त हवं, तेही गोठवून आणलेलं. त्यातून पुड्या वेगळ्या काढणारं, भयंकर वेगाने फिरणारं यंत्र आमच्याकडे नाही. ते ज्या संस्थेत आहे तिथे खेटे घालून घालून केतकीने शुक्रवार मिळवला होता. शुक्रवार हुकला की पुढची पाळी थेट पावसाळ्यात, आणि पावसाळ्यात उन्हाने हैराण झालेलं कालव कुठून आणणार? पोरीचं सगळं वर्ष त्या एका शुक्रवारावर टांगलेलं होतं. आणि ऐन वेळी ती स्कूटरवरून पडली, पाय प्लास्टरमध्ये. म्हणून मी निघाले.

सोमवार, भारतीताईंच्या घरी

अलिबागहून रेवदंड्याला मला जनाभाऊंनी आपल्या रिक्षातून नेलं. राहायची सोय त्यांच्याच घरी होती. जनाभाऊ हा गोल, आनंदी, सतत काहीतरी चघळणारा माणूस. वाटेत त्यांनी तीनदा रिक्षा थांबवली. एकदा ताडगोळ्यांसाठी, एकदा पांढऱ्या कांद्याच्या माळेसाठी आणि एकदा कशासाठी ते मला कळलं नाही, पण परत आले तेव्हा तोंड भरलेलं होतं. माझी पेटी त्यांनी मागे टपाखाली कोंबली. चौलच्या पुढच्या एका खड्ड्यात तिला तडा गेला, हे मात्र मला दुसऱ्या दिवशी समजलं.

घर नारळ-सुपारीच्या वाडीत. एक अंगण, मध्ये विहीर, विहिरीच्या अलीकडे जनाभाऊंचं घर आणि पलीकडे तसंच दुसरं. जनाभाऊंची बायको भारतीताई सडपातळ, चटपटीत, पदर खोचलेली. त्यांनी माझं सामान बघितलं. सुया, नळ्या, रक्त फिरवायचं एक छोटं विजेचं यंत्र.

"ह्यो मिक्सर हाय व्हय?"

"तसाच. यात रक्त फिरवलं की पेशी तळाला बसतात. त्या आधी काढून टाकायच्या, नाहीतर गोठवताना फुटतात."

"आमच्याकडं मिक्सर हाय की. उगाच आनलात."

संध्याकाळी ओटीवर बसले होते तेव्हा एक गंमत बघितली. पलीकडच्या घरातून एक उंच, धिप्पाड बाई आली, विहिरीच्या कठड्यावर झाकलेली वाटी ठेवली आणि इकडे न बघता गेली. मिनिटभराने भारतीताई गेल्या, वाटी उचलली, तिकडे न बघता परत आल्या. वाटीत वालाचं बिरडं होतं. थोड्या वेळाने भारतीताईंनी एक टोप नेऊन ठेवला. त्यात माशांचे तुकडे होते आणि वर ताटलीत बर्फ. त्या आत आल्या, पलीकडची बाई बाहेर आली, टोप गेला. बर्फ माशा बसू नयेत म्हणून असेल, असं मी ठरवून टाकलं. शास्त्रज्ञांची ही खोड असते.

"शेजारी का?" मी विचारलं.

"माजी जाऊ. मोठी. कमलताय."

"मग बोलत नाही तुम्ही?"

"न्हाय." भारतीताई भाकरी थापता थापता म्हणाल्या. "एका गौरीला मी तिच्याकडं टोपभर खीर धाडली. तिनं टोप रिकामा परत धाडला. रिकामा! आमच्यात भांडं रिकामं कोनी परत देत न्हाय मॅडम. चिमूटभर साखर का व्हईना, घालतात. मना त्यावेळी काय वाटलं असंल? तवापासून बोलनं बंद. माजा मुलगा तवा पाचवीत होता, आता पनवेलला नोकरीला हाय."

"आणि हे वाट्या-टोप?"

"सासूबाय होत्या, त्यांच्यासाठी दोन्ही घरची वाटी जायची. त्या गेल्या, वाटी ऱ्हायली. तोंडानं बोलायची गरजच न्हाय पडत. कठड्यावर काय ठेवलं ते बघून मना तिचं कळतं, तिला माजं."

जनाभाऊ या गोष्टीच्या वेळी रिक्षाचा आरसा पुसत होते. आरसा स्वच्छच होता. "जाऊ द्या मॅडम, जुनं हाय ते," एवढंच ते म्हणाले.

मला तर हर्ष झाला. मी भारतीताईंना माझ्या पुड्या समजावून सांगायला लागले. दोन पेशी, मध्ये रक्त, एकीने पुडी सोडायची, दुसरीने उचलायची, बोलायचं नाही. "म्हणजे तुम्ही आणि कमलताई अगदी तशाच!" मी म्हटलं. भारतीताईंनी शांतपणे भाकरी उलटली आणि म्हणाल्या, "आमी कालवं न्हाय मॅडम." विषय तिथेच संपला.

पुण्यातल्या आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावरच्या बाईंचा डबा मी परत करते तो घासून, पुसून, रिकामा. त्या रात्री पहिल्यांदा मनात आलं की वरच्या बाई हल्ली हसत नाहीत त्याचं कारण हे तर नसेल?

मंगळवार, खडक आणि काशीद

सकाळी ओहोटीला भारतीताईंबरोबर खाडीच्या तोंडाशी गेले. एका बाजूला दोरीवर बोंबील वाळत होते, होड्या चिखलात कलंडल्या होत्या आणि वाऱ्याची दिशा माझ्या बाजूची नव्हती. कालवांनी भरलेला खडक म्हणजे हजार ब्लेडं वर करून ठेवलेली. भारतीताई त्यावरून अंगणात चालल्यासारख्या चालत होत्या, मी रांगत होते. त्यांनी छोट्या लोखंडी कोयतीने टकाटक कालवं सुटी केली. मी एक सुटं करेपर्यंत दोनदा बसले, एकदा मुद्दाम नाही. समुद्राला पाठ दाखवायची नसते, असं मला कुणी सांगितलं नव्हतं. लाटेने सांगितलं.

घरी येऊन ओटीवर मांडामांड केली. शिंपल्याला कडेला बारीक खाच पाडायची, सुई आत घालायची, थोडंसं रक्त ओढायचं. कालवाचं रक्त लाल नसतं, गढूळ पाण्यासारखं असतं. मग ते फिरवायचं, पेशी तळाला बसल्या की वरचं निवळ पाणी नव्या नळीत. सगळ्या पुड्या त्या निवळ पाण्यात. दुपारपर्यंत माझ्या नळ्या भरल्या. मग मोठ्या ऐटीत थर्माकोलची पेटी उघडली. आत काही नव्हतं. पुण्याहून भरून आणलेला कोरडा बर्फ तडकलेल्या फटीतून हवेत विरून गेला होता. तो पाणी होऊन सांडत नाही, गुपचूप निघून जातो.

मी घरातल्या फ्रिजकडे धावले. भारतीताईंच्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा कुल्फी विरघळवायच्या कामाचा होता.

"मोठीकडं डीप फ्रीजर हाय," भारतीताई म्हणाल्या. "ती मासळी इकते ना. तिच्याकडं ठेवू."

"मी जाऊन विचारते त्यांना."

"अजिबात न्हाय!" त्या माझ्यापुढे आडव्या उभ्या राहिल्या. "आमच्या घरचा पाव्हना तिच्या दारात मागायला गेला तर मी तोंड कुठं दाखवू? मी धाडते. रोज धाडते तसं."

त्यांनी आपल्या स्टीलच्या डब्यात माझ्या नळ्या नीट उभ्या रचल्या, झाकण लावलं, झाकणावर ताटली ठेवली आणि ताटलीत होता नव्हता तेवढा बर्फ. डबा विहिरीच्या कठड्यावर ठेवून त्या आत गेल्या. मी काळजीने मागे गेले. बघते तर बर्फ वितळून पाणी झाकणाच्या कडेने आत शिरायच्या बेतात. खारट नळाचं पाणी माझ्या नमुन्यात? मी ताटली उचलली, बर्फ नारळाच्या बुंध्याशी ओतला, ताटली कठड्याखाली ठेवली, झाकण घट्ट दाबलं आणि आपल्या प्रसंगावधानावर खूश होऊन परत आले. पलीकडची बाई आली, डब्याकडे क्षणभर बघितलं, डबा घेऊन गेली.

मग मी निश्चिंत मनाने काशीदला गेले. मॅडम आल्याच आहात तर बघून या, म्हणून जनाभाऊंनी नेलं. वाळू पांढरी, सुरूची झाडं, उंटावर बसलेले पनवेलचे लोक, घोड्यावरून पडायच्या बेतात असलेले ठाण्याचे लोक, आणि केळ्याच्या आकाराच्या फुग्यावर बसून पाण्यात स्वतःला मुद्दाम पाडून घेणारे बाकी सगळे. मी कणीस खाल्लं. जनाभाऊंनी दोन कणसं, भजी आणि माझ्या कणसाचं उरलेलं टोक खाल्लं. समुद्र बघून मला इतकं बरं वाटलं की केतकीला फोन करून सांगितलं, "काळजी करू नकोस, नमुने फ्रीजरमध्ये आहेत." हे वाक्य मी उच्चारत होते त्या वेळी माझे नमुने कुठे होते, ते आता सांगते.

संध्याकाळी परतलो तर कठड्यावर आमचा डबा आणि त्याच्या शेजारी झाकलेला टोप. भारतीताईंना आश्चर्य वाटलं. "डबा लगीच का परत आला?" त्यांनी उघडला. आत माझ्या नळ्या होत्या, ठेवल्या होत्या तशाच उभ्या, लख्ख. आणि त्यांतलं पाणी लालभडक झालं होतं.

पहिली काही सेकंदं मी शुद्ध शास्त्रीय विचार केला. कालवाच्या रक्ताचा असा रंग कधी होत नाही. उष्णतेने? हवेशी संयोग होऊन? की आपल्या हातून मोठा शोध लागला? मी नळी उजेडात धरली. भारतीताईंनी दुसरी उघडली, बोटावर थेंब घेतला, जिभेला लावला.

"कोकमाचं आगळ हाय," त्या म्हणाल्या. "मोठीच्या हातचं. मीठ ती जरा जास्तच घालते."

मग त्यांनी शेजारचा टोप उघडला. कालवण होतं, नारळ लावलेलं, वर तेलाचा तवंग. भारतीताईंनी वास घेतला आणि हळूच झाकण ठेवलं.

"मॅडम, तिनं तुमचं पानी कालवनात घातलं वाटतं. कालवाच्या पान्यानं चव येते ना."

मी किंचाळले. असं मी लग्नातही किंचाळले नव्हते, आणि तिथे मंडप पडला होता.

त्या किंचाळीने कमलताई धावत बाहेर आल्या. कठड्यापाशी थांबल्या. भारतीताई डबा घेऊन कठड्यापाशी गेल्या. मध्ये विहीर. आणि भारतीताईंच्या तोंडून इतक्या वर्षांत पहिल्यांदा बाहेर पडलं, "जाऊबाय, काय केलंस गं हे?"

कमलताईंनी पदर खोचला. "काय केलं? तूच धाडलंस ना? नाजूक बाटल्यांत कालवाचं पानी. मी म्हटलं, धाकटीनं एवढ्या हौसेनं धाडलंय, तर चांगलं कालवन करू, तिलापन धाडू."

"ते फ्रीजरात ठेवायला धाडलं होतं! मॅडमच्या परीक्षेचं होतं!"

"फ्रीजरात ठेवायचं तर वर बरफ कुठं होता?"

"होता!"

"नव्हता!"

"मी माज्या हातानं ठेवला!"

"माजे डोळं फुटलेत व्हय? वर बरफ असंल तर फ्रीजरात, नसंल तर खायला, ही रीत कवापासनं हाय! आज बरफ नव्हता!"

मी नारळाच्या बुंध्याकडे बघितलं. तिथली माती अजून ओली होती. पुडीचं काय करायचं ते तिच्या बाहेरच्या खुणेवर ठरतं, हे मी दरवर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवते. ती खूण मी माझ्या हाताने पुसून टाकली होती. मी पुढे होऊन तसं कबूल केलं. पण कुणी ऐकेना. एवढी वर्षं साठलेलं होतं, त्यात मला कोण विचारतो?

"आनि बाटल्यांत आगळ कशाला भरलंस?" भारतीताई ओरडल्या.

"मंग? रिकाम्या धाडू? माज्या घरातनं भांडं रिकामं गेलंय कदी?"

"गेलंय!" भारतीताईंचा आवाज फाटला. "गौरीला गेलंय! माज्या खिरीचा टोप रिकामा आला होता, जाऊबाय. धुतलेला, कोरडा. मी रडले त्या दिवशी."

कमलताई कठड्यावर मटकन बसल्या.

"रिकामा?" त्या म्हणाल्या. "अगं, करंज्या घातल्या होत्या मी त्यात! गरम, वर केळीचं पान घालून! आनि तुजा एक शब्द न्हाय. दुसऱ्या दिवशी मना बघून तोंड फिरवलंस. मी म्हटलं, हिला माज्या करंज्या न्हाय पसंत, मंग मी कशाला बोलू?"

"कोनाच्या हातात दिलास टोप?"

दोघी एकदम वळल्या. मीही वळले. जनाभाऊ रिक्षाचा आरसा पुसत होते.



"मना भूक लागली होती," जनाभाऊ म्हणाले.

"सगळ्या?" भारतीताईंनी विचारलं.

"गरम होत्या."

"विहिरीपासनं ओटीपर्यंत?"

"एकच खानार होतो. मंग जागा दिसायला लागली. अर्धा टोप नेला तर कळलं असतं, म्हनून मंग..." त्यांनी फडकं खाली ठेवलं. "मंग टोप धुवून दिला. पुसून."

यापुढे पाच मिनिटं जे बोललं गेलं ते मी लिहीत नाही. त्यातले काही शब्द मला नवीन होते आणि काही जुने असून त्यांची अशी जुळणी मी कधी ऐकली नव्हती. जनाभाऊ सगळं खाली मान घालून ऐकत होते. एवढी वर्षं ते गप्प का राहिले, असं विचारल्यावर म्हणाले की आधी भीती वाटली, आणि मग दोन्ही घरच्या वाट्या यायला लागल्या. माणूस किती खरं बोलू शकतो!

मग आवाज थांबले. दोघी जावा कठड्यावर शेजारी शेजारी बसल्या होत्या. कमलताई पदराने तोंड पुसत होत्या. "सासूबाय गेल्या तवातरी बोलायचंस गं," त्या म्हणाल्या. भारतीताईंनी कमलताईंच्या गुडघ्यावर हात ठेवला. केतकीचं वर्ष कालवणात गेलं होतं, हे मी तेवढ्यापुरतं विसरले.

त्याची आठवण कमलताईंनाच आधी झाली. "मॅडमच्या परीक्षेचं काय?"

"शुक्रवारी आहे. माझी नाही, माझ्या विद्यार्थिनीची. आता नाही होणार."

"का न्हाय? उद्या ओहोटी न्हाय व्हय? खडक काय कुठं गेलाय?"

जेवायला आम्ही तिघी एका ओटीवर बसलो. कालवण मध्ये होतं. त्यात माझे सगळे नमुने, उन्हाने हैराण झालेल्या सगळ्या पेशींचं सगळं टपाल. जन्मात मासा न शिवलेल्या मी तांदळाच्या भाकरीचा तुकडा त्यात बुडवला, कारण हा डेटा यापुढे दुसऱ्या कुठल्याही मार्गाने मिळणार नव्हता. चांगला होता. मीठ जरा जास्त.

बुधवार, पुन्हा खडकावर

सकाळी दोघी पुढे, मी मागे रांगत. दोघींचं तोंड क्षणभर बंद नव्हतं. लेकाचं लग्न, वाडीतला पंप, कोणाच्या मुलीने काय केलं, सगळा मागचा हिशेब खडकावर चुकता होत होता आणि कोयत्या टकाटक चालत होत्या. कमलताईंनी माझ्याकडे बघून विचारलं, "तुमच्या त्या पेशी कदी तोंडानं बोलत न्हायत?"

मी सांगितलं की शेजारी शेजारी असलेल्या पेशी एकमेकींना चिकटून थेटही बोलतात, पुडी लांबच्यासाठी जास्त.

"मंग बरोबर हाय," त्या म्हणाल्या. "आमीच शेजारी असून लांब ऱ्हायलो."

दुपारी नळ्या पुन्हा भरल्या. आगळ धुवून काढलेल्या नळ्या मी वापरल्या नाहीत, नव्या घेतल्या, नाहीतर केतकीच्या प्रबंधात कोकमाचं प्रकरण घालावं लागलं असतं. डबा घेऊन भारतीताई या वेळी कठड्यापर्यंत गेल्या नाहीत. विहिरीला वळसा घालून थेट कमलताईंच्या दारात शिरल्या. वर बर्फ मात्र ठेवलेला होता. "सवय," त्या म्हणाल्या.

गुरुवार, निघताना

थर्माकोलच्या पेटीला कमलताईंनी आतून मासळीच्या पेटीसारखं प्लास्टिक आणि बाहेरून चिकटपट्टी लावून दिली. बर्फ आणि मीठ थरावर थर. त्यांची मासळी या बांधणीवर मुंबईपर्यंत जाते, तर माझं रक्त पुण्यापर्यंत जाणारच होतं. नळ्यांशिवाय माझ्या हातात अजून एक डबा आला. दोघींनी मिळून तळलेल्या करंज्या. "वाटेत उघडू नका. घरी गेलात की फोन करा," असं बजावलं. डबा त्यांनी रिक्षात ठेवायला जनाभाऊंच्या हातात दिला आणि दोघी एकमेकींकडे बघून हसल्या.

जनाभाऊ अलिबागपर्यंत गप्प होते. कुठेही थांबले नाहीत. स्टँडवर उतरताना डबा माझ्या हातात देऊन म्हणाले, "मॅडम, आता त्या बोलतात. आता मना कोन वाटी देनार?" त्यांचा चेहरा खरोखर पडलेला होता. तेव्हा त्यांच्या मिशीला साखरेचा कण लागलेला मला दिसला.

शुक्रवारी यंत्र फिरलं. केतकी प्लास्टरचा पाय खुर्चीवर ठेवून रात्रीपर्यंत तिथेच बसली आणि शेवटी मला फोटो पाठवला. काळ्या पार्श्वभूमीवर बारीक बारीक ठिपके, असंख्य. खाली तिने लिहिलं होतं, "पुड्या आहेत, मॅडम!" मी तो फोटो इतक्या वेळा उघडून बघितला की नवरा म्हणाला, "नातू झाल्यासारखं काय बघतेस?"

करंज्यांचा डबा मी गुरुवारीच घरी पोचल्यावर उघडला होता. गोल रचना, एकीला एक टेकून, आणि बरोबर मधोमध एक जागा रिकामी. माझ्या डोळ्यांसमोर ती मिशी आली. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे दोन आवाज एकदम बोलत होते.

"पोचलात? डबा उघडलात?"

"उघडला. अप्रतिम आहेत."

"मधली होती ना?" कमलताईंनी विचारलं.

मी शास्त्रज्ञ आहे. जे दिसलं ते सांगायचं, हे मी पोरांना पहिल्याच तासाला शिकवते. पण एकदा एका टोपामुळे काय झालं होतं ते मला ठाऊक होतं, आणि पुन्हा तेच माझ्या तोंडून व्हायला नको होतं.

"होती की," मी म्हटलं. "आधी तीच खाल्ली."

फोनमध्ये असा हशा फुटला की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. दोघींचं हसू, एकमेकींत मिसळलेलं, कोणतं कोणाचं ते ओळखू येईना.

"मॅडम, तुमीपन खोटं बोलता व्हय?" भारतीताई धापा टाकत म्हणाल्या. "मधली आमी घातलीच नव्हती! ती आमच्या ह्याच्या हातात दिली, समोरासमोर. म्हटलं, ही तुजी. बाकीच्या पोचव."

त्यांचा डबा मी घासून ठेवला आहे. प्लास्टर निघालं की केतकी आणखी कालवं आणायला जाणार आहे, तिच्याबरोबर तो शेंगाचटणी भरून जाईल. जनाभाऊंसाठी एक वेगळी पुडी बांधली आहे, ती त्यांच्या हातात द्यायची. आणि वरच्या मजल्यावरच्या बाईंचा जो डबा माझ्याकडे पडून होता, त्यात काल चार करंज्या घातल्या, जिना चढले, बेल वाजवली आणि त्या दार उघडेपर्यंत तिथेच उभी राहिले.